आंबट पाण्यातले तीन दिवस

इबादान
१४ जानेवारी २००३

चि. आकान्नी यास,

आशीर्वाद. तू कसा आहेस? सूनबाई, नातवंडे, शेतातला कसावा, नदीचे पाणी, शेजारची म्हातारी माणसे, सगळे ठीक ना? इथे यंदा हरमाटानचा वारा फार कोरडा आहे. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. आईने शिकवलेल्या क्रमाने मी सर्वांची विचारपूस केली आहे. सव्वीस वर्षांच्या खंडामुळे त्यात कोणी राहिले असल्यास तो दोष माझ्या स्मरणशक्तीचा समज.

माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. गुडघे कुरकुरतात. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, तरी विभागाने मला एक खोली आणि एक खुर्ची ठेवू दिली आहे.

हे पत्र एका शास्त्रीय बाबीसंबंधी आहे आणि ते मी शक्य तितके मुद्देसूद लिहिणार आहे. मुद्देसूद बोलण्याचा तुला कंटाळा आहे हे मला आठवते, पण माझ्याजवळ दुसरे साधन नाही.

१९७५ साली मी आईच्या औषधाची रासायनिक तपासणी केली होती. नदीकाठच्या त्या काटेरी झाडाच्या मुळाची साल, जी ती हाडे दुखणाऱ्या मुलांना देत असे. झाडाचे नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा मी ते छापले. ते नाव घरचे होते आणि छापण्याची परवानगी मला कोणी दिलेली नव्हती. मुलांचा आजार तुला सांगायला नको. त्यांचे रक्त जन्मतःच सदोष असते. प्राणवायू कमी पडला की त्यातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. गावात अशा मुलांना ‘जाण्यासाठीच आलेली’ म्हणत. आई तसे कधी म्हणाली नाही. ती म्हणे, “हे मूल राहायला आलंय. त्याची हाडं तेवढी भांडतायत.”

माझा निबंध दोन पानांचा होता. सालीच्या अर्काचा पेशींच्या वाकण्यावर कोणताही परिणाम होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्या दोन पानांच्या आधारे जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्याने आईच्या दारावर औषधबंदीची नोटीस लावली. त्यापुढचे तुला माझ्याहून अधिक माहीत आहे.

तो निष्कर्ष चुकीचा होता.

कसा, ते सांगते. नोव्हेंबरात माझे जुने कपाट आवरताना डॉ. बोलातितो हिला त्या वर्षाची वही सापडली. बोलातितो ही माझी शेवटची विद्यार्थिनी. आता ती स्वतः विभागात शिकवते. वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर आईने सांगितलेली कृती माझ्या अक्षरात आहे. साल कुटावी, मक्याच्या आंबवलेल्या पिठावर, म्हणजे ओगीवर, साचते ते आंबट पाणी तिच्यावर ओतावे, मातीच्या भांड्याला फडके बांधून तीन दिवस ठेवावे, ज्याने झाकले त्यानेच उघडावे. यांतील पहिली सूचना सोडून बाकी सर्वांवर लाल रेघ आहे आणि समासात लिहिले आहे: ‘विधी. गाळावे.’

बोलातितोने ती वही माझ्यापुढे ठेवली, रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला आणि विचारले, की ही रेघ कोणी मारली. मी मारली, असे सांगितले. का, असे तिने विचारले. मी म्हणाले, त्या काळी संशोधनाची पद्धत अशी होती, की...

“मॅडम,” ती म्हणाली, “मी ‘का’ विचारलं. ‘कधी’ नाही.”

मी तिला असे प्रश्न विचारायला शिकवले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आंबट पाणी म्हणजे घरातली सोय आणि तीन दिवस म्हणजे केवळ रूढी, असे मी तेव्हा धरून चालले होते. म्हणून मी साल शुद्ध पाण्यात अर्धा तास उकळली आणि गाळून घेतली. यावेळी आम्ही कृती जशीच्या तशी करायचे ठरवले. तरीही चुकलो. प्रयोगशाळेत उभे आयुष्य गेलेल्या माणसाला बाहेरून आलेला कोणताही द्रव आधी उकळून निर्जंतुक केल्याशिवाय हात लावता येत नाही. आंबट पाणीही आम्ही दोघींनी न बोलता, सवयीने उकळले. तिसऱ्या दिवशी भांडे उघडले आणि रुग्णांच्या रक्तातला प्राणवायू कमी करून औषध त्यात तपासले. काही न घालता ठेवलेल्या रक्तात शंभरांपैकी त्र्याऐंशी पेशी वाकल्या होत्या. औषध घातलेल्या रक्तात ब्याऐंशी. त्या आकड्याने मला किंचित समाधान वाटले, हेही नमूद करते.

बोलातितोला वाटले नाही. ती बोडिजाच्या बाजारात ओगी विकणाऱ्या बाईकडे आणखी पाणी आणायला गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. बाईने विचारले, की आदल्या आठवड्यातले एवढे पाणी कुठे गेले. बोलातितोने सगळे खरे सांगितले. त्या बाईने हातातली पळी खाली ठेवली.

“उकळलंत? प्रोफेसरबाई, ते जिवंत पाणी. उकळल्यावर राहिलं काय त्यात, पाण्याचं मढं?”

आसपासच्या सगळ्या बायका हसल्या. त्यांना मी दोष देत नाही.

नंतर आम्ही पाणी न उकळता वापरले. तीन दिवसांनी शंभरांपैकी बावन्नच पेशी वाकल्या. मी पुन्हा मोजल्या. बोलातितोने मला न सांगता नमुन्यांवरची नावे बदलून तिसऱ्यांदा मोजायला लावल्या, त्रेपन्न.

कारण आता समजले आहे. सालीतले उपयुक्त द्रव्य साखरेच्या रेणूला बांधलेले असते आणि बांधलेले असेपर्यंत ते निरुपयोगी असते. आंबट पाण्यातले जीव ती साखर खातात आणि द्रव्य मोकळे करतात. त्यांना त्यासाठी सुमारे तीन दिवस लागतात. म्हणजे आईची कृती हीच रासायनिक प्रक्रिया होती आणि मी नेमकी तीच खोडली. काचेवरच्या पेशींवरून मूल बरे होते असे सिद्ध होत नाही, हे मी तुलाही बजावते आणि स्वतःलाही. पण ‘कोणताही परिणाम होत नाही’ हे माझे विधान टिकत नाही.

ते मागे घेण्यासाठी मी त्याच नियतकालिकाला लिहिले. संपादकांचे म्हणणे असे, की नुसता पश्चात्ताप छापता येत नाही. पुरावा पाठवावा, तोही मार्चअखेरपर्यंत. त्यांचे म्हणणे रास्त आहे. आणि इथेच अडचण आहे. बाजारातल्या तीन निरनिराळ्या बायकांच्या पाण्याने तीन निरनिराळे आकडे येतात: बावन्न, चौऱ्याहत्तर, एकसष्ट. ज्याचा आकडा स्थिर नाही तो पुरावा नव्हे. आईच्या हातचे औषध मात्र कधी लागू आणि कधी गैरलागू, असे होत नसे. माझा तर्क असा, की फरक तिच्या भांड्यात आहे. ते काळे भांडे आतून कधीही घासायचे नाही, नुसते विसळून उन्हात उपडे घालायचे, हा तिचा नियम होता. त्याच्या मातीत तेच जीव पिढ्यानपिढ्या राहत आले असले पाहिजेत.

ते भांडे तुझ्याकडे आहे आणि तू ते वापरतोस, असे ऐकते. मी भांडे मागत नाही. तीन दिवस झालेले अर्धी वाटी पाणी, स्वच्छ बाटलीत, ओयोच्या गाडीने पाठवता आले तर माझे काम होईल.

आईचे म्हणणे त्या वेळी माझ्यापर्यंत नीट पोहोचले नाही, याचा मला खेद आहे.

तुझी थोरली बहीण,
प्रा. फेहिंतोला ओयेयिंका (निवृत्त)
रसायनशास्त्र विभाग


ओके-आसा
२९ जानेवारी

प्राध्यापकबाईंना,

लोटांगण पत्रातूनच घालतो. कंबर धरलीय, खरं घातलं तर उठवायला चार माणसं लागतील. अक्षरं मोठी काढलीत कारण डोळ्यांत मोतीबिंदू आहे. रागावून ओरडतोय असं समजू नका. म्हणजे रागही आहे, पण तो वेगळा.

घरचे सगळे बरे आहेत. कसावा बरा. नदी आटलीय. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचं विचारलंत. शेजारचा म्हातारा माणूस आता मीच.

पत्र तीनदा वाचलं. पाण्यातले जीव साखर खातात हे समजलं. आई म्हणायची, “पाण्याला खाऊ दे, मग ते काम करील.” तुमच्या तेवढ्या पानांत तेच आहे, फक्त तिनं आकडे घातले नव्हते.

नोटीस लागली त्याचं पुढचं मला जास्त माहीत आहे म्हणता, तर ऐका. आईला वाचता येत नव्हतं. तिनं नोटीस दारावरून काढली, चार घड्या केल्या आणि भांड्याच्या बुडाखाली सरकवली, कारण ते एका बाजूला डुगडुगायचं. तेव्हापासून डुगडुगत नाही. सरकारनं आमच्यासाठी केलेलं तेवढंच एक काम. आरोग्याधिकाऱ्याच्या भीतीनं लोक पुढच्या दारानं यायचे थांबले आणि मागच्या दारानं यायला लागले. अजून येतात. गेल्या शनिवारी सात मुलं होती. ज्याला रक्त चढवायची गरज दिसते त्याला मी स्वतः दवाखान्यात पाठवतो. तेवढी अक्कल आईनंच दिलीय. पण माझ्यामागं हे करणारं कोणी नाही. माझी पोरं म्हणतात, बाबा, मोठ्या आत्यानंच लिहिलंय ना की ह्यात काही नाही.

आता एक गोष्ट. पत्रात एकेचाळिसावं पान आहे, बाजारातली बाई आहे, विद्यार्थिनीचे गुडघेसुद्धा आहेत. आणि आईसाठी शेवटी एक ओळ, की तिचं म्हणणं ‘नीट पोहोचलं नाही’.

ताई, ते पोहोचलं होतं. तुमचा निबंध मीच तिला वाचून दाखवला, आपल्या भाषेत सांगत सांगत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “तीन दिवस विसरली पोरगी.” दुसऱ्या दिवशी वाळवलेल्या भोपळ्यात औषध भरून डोक्यावर घेतलं आणि लॉरीत बसली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. रात्री उशिरा परत आली. मी विचारलं, भेटली का. म्हणाली, “बैठकीत होती. मोठी माणसं बैठकीतच असतात.” आणि हे तिनं पुढं बाजारभर कौतुकानं सांगितलं. माझी मुलगी बैठकीत असते.

मी तिला दुसरं काही विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं तुम्हालाही विचारलं नाही. आता विचारतो. बैठक होती का?

पाणी मिळणार नाही. ओयोची गाडी चार ठिकाणी थांबते, उन्हात बाटली तापते, आणि मग तुम्ही म्हणाल परिणाम दिसत नाही. भांडं अंगणात आहे, आईला पुरलंय तिथं शेजारीच. हवं असेल तर इथं या. साल मी कुटून देतो. झाकायचं मात्र तुम्ही. आणि ज्यानं झाकलं त्यानंच उघडायचं, हे तुमच्याच वहीत आहे. म्हणजे तीन दिवस मुक्काम. अमाला खाता येतो ना अजून, का इबादानला फक्त ब्रेड?

भांड्याला साबण लावलास तर बघ.

आकान्नी

ता. क. पत्राखालची ती सगळी पाटी कशाला? आपल्या घरात तुझं नाव एकच आहे, आई हाक मारायची ते.


इबादान
६ फेब्रुवारी २००३

प्रिय आकान्नी,

तुझे पत्र काल मिळाले. कंबर जप; लोटांगण मी मान्य करून घेतले आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. बैठक नव्हती.

तो मंगळवार होता. सकाळी नवाच्या सुमारास शिपाई आत आला आणि म्हणाला, की खेड्यातून एक बाई आल्या आहेत, डोक्यावर भोपळा आहे, स्वतःला तुमची आई म्हणवतात. खोलीत मी एकटी होते. अकरा वाजता परदेशातून एक परीक्षक येणार होते. मी त्याला म्हणाले, बैठक चालू आहे असे सांग. परीक्षकांचा उल्लेख मी कारण म्हणून करत नाही. ते अकराला आले आणि साडेअकराला गेले. आई दोन वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसली होती.

माझ्या खोलीचे दार कधी पूर्ण लागत नसे. त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. तिने शिपायाला त्याच्या मुलाबाळांबद्दल विचारले. त्याच्या खोकल्यावर काय घ्यावे ते सांगितले. भोपळ्यातले औषध तीन दिवसांचे आहे, एवढेच तिला सांग, असे दोनदा म्हणाली. मग थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मला वाटले, गेली. तेवढ्यात ती म्हणाली,

“तुमची बाई जेवते ना वेळेवर?”

शिपाई म्हणाला, जेवतात. ते खोटे होते. मग ती गेली.

भोपळा आठ दिवस माझ्या खिडकीत होता. त्यातला एक थेंब काचेवर घेऊन पाहणे पाच मिनिटांचे काम होते. रक्ताचे नमुने शेजारच्या शीतपेटीत होते. मी पाहिले नाही. पाहिले असते तर निबंध मागे घ्यावा लागला असता, आणि त्या वर्षी माझ्या बढतीचा विचार चालू होता. मला शंका असती तर मी तपासले असते, आकान्नी. शंका आली की तपासायचे, एवढे मी आयुष्यभर केले आहे. मला शंका नव्हती. ती बरोबर आहे अशी भीती होती. नवव्या दिवशी मी ते औषध मोरीत ओतले आणि भोपळा साबणाने धुतला.

‘विधी. गाळावे’ ही टीप अज्ञानातून आली, असा युक्तिवाद मी करू शकले असते आणि मागल्या पत्रात तोच केला. तो अर्धाच खरा आहे. अज्ञान त्या मंगळवारपर्यंतचे. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांना तो लागू होत नाही. आईला मी दोन वर्षांनी पाहिले ते तिच्या दफनाच्या दिवशी, आणि तिथूनही संध्याकाळच्या आत परतले, कारण तू हा प्रश्न विचारशील असे मला वाटले होते. तू विचारला नाहीस. मी त्याबद्दल तुझे आभार मानले नव्हते.

हे सर्व मी नियतकालिकालाही लिहून पाठवते आहे. साखर आणि आंबट पाणी यांखेरीज, औषधाचा तयार नमुना १९७५ सालीच माझ्या हाती होता आणि मी तो तपासला नाही, हेही त्या निवेदनात आहे. बोलातितोने मसुदा वाचला. ती म्हणाली, की हे वाक्य नसले तरी निवेदन शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण आहे. मी म्हणाले, नाही. तिने माझ्यासाठी चहा आणला आणि त्यात साखर घालायला विसरली. झाडाचे नाव पुन्हा छापले जाणार नाही. कृती कोणाची, हे मात्र छापले जाईल. त्या जागी आईचे नाव घालू द्यावे, अशी तुला विनंती आहे. तू नाही म्हणालास तर जागा मोकळी ठेवीन, पण माझे नाव तिथे जाणार नाही. तुझ्या मुलांना निवेदनाची एक प्रत मी स्वतः वाचून दाखवीन. मोठ्या आत्यानेच लिहिले होते, तर मोठ्या आत्यानेच ते पुसले पाहिजे.

आम्ही सोमवारी, १७ तारखेला येतो. बोलातितो गाडी चालवील. तिच्याजवळ सूक्ष्मदर्शक असेल आणि बर्फाच्या पेटीत तीन प्रौढ रुग्णांनी आपणहून दिलेले रक्त. साल तू कुट. ओगीचे पाणी तुझ्या घरचेच घेऊ. फडके मी बांधीन, तीन दिवस तिथेच राहीन, आणि मीच ते सोडीन. चौथ्या दिवशी पेशी मोजून आकडा तुझ्यासमोर मोठ्याने सांगेन. तो बावन्नपेक्षा कमी असो की जास्त, त्यात मी बदल करणार नाही आणि तूही मला करू देऊ नकोस. आगाऊ निष्कर्ष लिहायची माझी पद्धत नाही. तरी एवढे लिहिते, की हा आकडा ऐकायला मी ज्या उत्सुकतेने निघाले आहे तशी कोणत्याच प्रयोगाला निघाले नव्हते.

तुझ्या मोतीबिंदूवरही तिथेच बोलू. इबादानच्या दवाखान्यात ते अर्ध्या तासाचे काम आहे, आणि मला वाटते पुढच्या वेळी पेशी तूच मोजाव्यास.

अमाला मला खाता येतो. सूनबाईंना सांग, भाजीत मिरची कमी करू नये. माझी परीक्षा घ्यायची असेल तर पुरती घ्यावी. साबण माझ्या पिशवीत असेल, भांड्याजवळ येणार नाही.

आईचा भोपळा परत आणते आहे. अठ्ठावीस वर्षे मी त्यात पेन्सिली ठेवल्या. आता तो रिकामा करून उन्हात उपडा घातला आहे.

तिने त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शिपायाने परस्पर दिले होते. खरे उत्तर मी येऊन, अंगणात तिच्याशेजारी बसून देईन. तोवर तू तिला एवढेच सांगून ठेव, की या आठवड्यापासून जेवते आहे वेळेवर.

आयिंके